गृहभेट शिकवायची कशी: सिम्युलेशन की झूमवरचा रोल-प्ले?

मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला आणि एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) मुलांचं फील्डवर्क थांबलं. गृहभेट, म्हणजे कुटुंबाच्या घरी जाऊन त्यांची परिस्थिती समजून घेणं, ऑनलाइन शिकवणं तेव्हाच गळ्यात पडलं.

सिम्युलेशनमध्ये, म्हणजे संगणकावरच्या आभासी घरात, विद्यार्थी माउस फिरवत घरभर हिंडतो. उघड्यावरची औषधं, रिकामे डबे, तुटकी कडी. काय टिपलं, काय सुटलं, याची नोंद राहते. चुकलं तर पुन्हा सुरू, कुणाचं नुकसान नाही. फक्त घर बहुधा परदेशी! दहा बाय दहाच्या खोलीत सासू शेजारीच बसलेली असताना सुनेला मारहाणीबद्दल विचारायचं कसं, हे तिथे येत नाही.

रोल-प्लेमध्ये, म्हणजे विद्यार्थ्यांनीच भूमिका वठवताना, ते येतं, तेही मराठीत आणि फुकट. पण सेवार्थी (मदत घेणारी व्यक्ती) झालेली मैत्रीण दोन मिनिटांत सगळं सांगून टाकते, नाहीतर हसते.

धोका ओळखायला मी सिम्युलेशनच घेईन. बोलतं करायला रोल-प्ले, मात्र दुसऱ्या बॅचमधल्या अनोळखी मुलीबरोबर.