१५०-६०० लेन्स, एक हिवाळा आणि सायकलच्या ट्यूबचा तुकडा

पक्ष्यांच्या फोटोंसाठी १५० ते ६०० मिलिमीटरची झूम लेन्स हवी होती. सेकंडहँड अठरा हजारांनी स्वस्त मिळत होती. वॉरंटी हवी म्हणून नोव्हेंबरात नवीकोरी घेतली. आता त्या वॉरंटीचं काय झालं ते ऐका.

लेन्स गळ्यात तोंड खाली करून लटकली की झूमची नळी आपल्याच वजनाने बाहेर सरकते. डिसेंबरात ऐरोलीच्या फ्लेमिंगो बोटीत मी जरा वाकलो, नळी सुळकन लांबली आणि लेन्सपुढचं हूड बोटीच्या काठावर ठक्कन आपटलं. नळी अडवायला लॉक आहे, पण तो फक्त १५० वर, म्हणजे नळी पूर्ण आत असताना, लागतो. दर फोटोनंतर १५० वर कोण जाणार? सर्व्हिस सेंटरने १९ दिवस ठेवून घेतली आणि परत देताना म्हणाले, "सर, एवढं घसरणं नॉर्मल आहे." वर तपासणीचे ९०० रुपये! ते बिल अजून पाकिटात आहे.

जानेवारीत लिहिलं असतं तर एक स्टार देऊन मोकळा झालो असतो. शार्पनेसवरही राग होता, लांबच्या फ्लेमिंगोंचे डोळे पिठात घोळल्यासारखे यायचे. पण तो गुन्हा लेन्सचा नव्हता. ऊन वर चढलं की चिखलावरची हवा थरथरते, त्यात हिवाळ्याचं धुरकं. आता सकाळची पहिली बोट धरतो आणि पक्षी जवळ येईपर्यंत शटरला हात लावत नाही. आठ मीटरवरच्या कुरवाचा (सीगलचा) चेहरा घेताना ६०० ला, f/६.३ अ‍ॅपर्चरवर, जेमतेम चार-पाच सेंटिमीटर फोकसमध्ये राहतात. त्याने समोर बघितलं तर डोळा धारदार, चोचीचं टोक विरघळलेलं. बाजूने बघितलं तर दोन्ही स्वच्छ, आणि तपकिरी डोक्याच्या कुरवाचा फिकट डोळा असा काही येतो की विचारू नका.

फ्लेमिंगोची गोष्ट वेगळी. ६०० ला डोकं भरतं, पण मान मध्येच कापली जाते आणि पोर्ट्रेटऐवजी नळाचा पाइप दिसतो. झूम ४०० च्या आसपास मागे घ्या, कॉलर (ट्रायपॉडला जोडायचं लेन्सभोवतीचं कडं) सैल करून कॅमेरा उभा करा, मानेचं वळण पूर्ण घ्या, चोचीपुढे थोडं पाणी मोकळं सोडा. कॉलर मात्र लोण्यासारखी फिरते, तिला पैकीच्या पैकी.

पण बघा, सगळ्यात चांगली फ्रेम ४०० ला आणि लॉक १५० ला! डिझाइन करणाऱ्याने कधी होडीत बसून पक्षी टिपलाय का?

एलिफंटाच्या लाँचवर तर ही लेन्स नेऊच नका. लोक कुरवांना वेफर्स फेकतात (फेकू नयेत), पक्षी दोन मीटरवर येतात आणि एवढ्या जवळ हिचा फोकसच बसत नाही.

शेवटी मुलुंडच्या एका सायकलवाल्याने जुन्या ट्यूबचा चार बोटं रुंद तुकडा कापून दिला. पैसे घेतले नाहीत. अर्धा झूम रिंगवर, अर्धा तिच्या शेजारच्या न फिरणाऱ्या भागावर चढवला. झूम जरा जड फिरतो, पण फेब्रुवारीपासून नळी जागची हललेली नाही. रेटिंग चार. एप्रिलच्या उकाड्यात रबर चिकटायला लागलं, म्हणून आता टाल्कम पावडर लावतो. तीही बायकोची.