आठ महिन्यांची वर्गणी आणि मागच्या रांगेतला श्रोता

कार्तिकातल्या एका रविवारी, संत जनाबाईंच्या अभंगांवरील व्याख्यान ऐन रंगात आलेले असताना, आमच्या उपनगरातील सांस्कृतिक केंद्राच्या सभागृहातली वीज गेली. वक्त्या व्यासपीठावरून खाली उतरल्या, सर्वांना खुर्च्या पुढे ओढून घ्यायला सांगितले आणि ध्वनिक्षेपकाविना पुढचा पाऊण तास बोलल्या. मी गुढीपाडव्याला या केंद्राचा वार्षिक सभासद झालो. त्यानंतरच्या आठ महिन्यांत वाक्याचा शेवटचा शब्दही स्पष्ट ऐकू आला, असे हे पहिलेच व्याख्यान. घरी परतताना आनंद झाला होता आणि रागही येत होता. म्हणून हा अनुभव सविस्तर लिहितो आहे.

कार्यक्रमांच्या निवडीबद्दल माझी तक्रार नाही. बाराशे रुपयांच्या वर्गणीत महिन्याला दोन व्याख्याने आणि एक मैफल मिळते, कार्यक्रम वेळेवर सुरू होतात आणि प्रास्ताविक आटोपशीर असते. मी निवृत्तिवेतनावर जगणारा माणूस आहे, त्यामुळे बाराशे रुपये विचार करूनच भरले होते आणि निवडीच्या बाबतीत ते वसूलही झाले. मात्र जे ऐकायला जायचे तेच ऐकू येत नसेल, तर बाकीच्या सोयींना फारसा अर्थ उरत नाही.

पहिले तीन महिने मी सारा दोष ध्वनिक्षेपकाला देत होतो. वक्त्याच्या कॉलरला लावलेला माइक चहूबाजूंचा आवाज गोळा करतो. तो थोडा वाढवला की शिट्टी वाजते, म्हणून चालक तो कमीच ठेवतात. मी कार्यालयात लेखी तक्रार दिली. सहा आठवड्यांनी उत्तर आले, की यंत्रणा नवीन असून इतर कोणाचीही तक्रार नाही. हे उत्तर मला फार लागले, कारण त्याच काळात मागच्या रांगांतले माझ्या वयाचे चार श्रोते एकेक करून येईनासे झाले होते. त्यांनी तक्रार केली नाही, ते फक्त यायचे थांबले.

आषाढीच्या अभंगगायनाने माझे मत बदलले. तीच यंत्रणा, तेच सभागृह, आणि गाणे मात्र अप्रतिम लागले. तानपुऱ्यांचा नाद सभागृहभर भरून राहिला होता. मग लक्षात आले की मोठा दोष यंत्रात नसून भिंतींत आहे. गुळगुळीत गिलावा, फरशी, सपाट सिमेंटचे छत आणि प्लास्टिकच्या खुर्च्या यांतले काहीच ध्वनी शोषून घेत नाही. सुरांना असा रेंगाळणारा नाद मानवतो, बोलण्याला मानवत नाही. बोलण्यात जोर स्वरांचा असतो आणि अर्थ बव्हंशी व्यंजनांवर तोललेला असतो. आधीच्या अक्षराचा घुमणारा स्वर पुढच्या अक्षरातला क्षीण ‘स’ किंवा ‘त’ झाकून टाकतो. वयोमानाने आपली श्रवणशक्तीही आधी अशा व्यंजनांच्या उंच पट्टीतच कमी होते. व्याख्यानासाठी घुमण्याचा काळ साधारण एका सेकंदाच्या आत असावा लागतो. आमच्याकडे टाळी वाजवून पाहिली, तर तिचा नाद त्याहून बराच वेळ विरत राहतो.

यातली खरी काळजीची गोष्ट पुढे आहे. सभागृहात ध्वनी शोषणारी सर्वांत उपयुक्त वस्तू म्हणजे कपडे घातलेला माणूस. उघड्या खिडकीतून गेलेला आवाज परत येत नाही; एक श्रोता साधारण अशा अर्ध्या चौरस मीटर उघड्या खिडकीइतका ध्वनी शोषतो. म्हणजे श्रोते घटले की आवाज अधिक घुमतो, आणि आवाज घुमला की आणखी श्रोते घटतात. ‘लोकांना हल्ली व्याख्याने नको असतात’ असे आमच्या वार्षिक सभेत खेदाने सांगितले गेले, तेव्हा मला गप्प बसवले नाही. न्यायमूर्ती रानडे यांनी 1875 मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली आणि ती आजही ऐन उन्हाळ्यात भरते. ऐकण्याची हौस असलेली माणसे आपल्याकडे आहेत, त्यांच्या कानांपर्यंत शब्द पोहोचवणे हे आयोजकांचे काम आहे.

मागच्या भिंतीवरच्या कर्ण्यांचाही प्रश्न आहेच. व्यासपीठ तिथून सुमारे वीस मीटरवर आहे आणि हवेतून तेवढे अंतर कापायला ध्वनीला सेकंदाचा सतरावा भाग लागतो. मागे बसणाऱ्याला जवळच्या कर्ण्यातून शब्द आधी ऐकू येतो आणि समोरून तोच पुन्हा येतो. मागचे कर्णे तेवढ्याच विलंबाने वाजवण्याची सोय डिजिटल मिक्सरमध्ये, म्हणजे माइकचे आवाज जुळवून कर्ण्यांकडे पाठवणाऱ्या यंत्रात, असते. आमचा मिक्सर डिजिटल आहे, पण ती सोय कोणी वापरलेली नाही.

वीज गेली तेव्हा पंखेही थांबले होते, याचा फायदा झाला हे मान्य करतो. तरीही मुख्य फरक अंतराचा होता. बोलणारी व्यक्ती जवळ आली, की भिंतींवरून परतणाऱ्या आवाजापेक्षा तिचा थेट आवाज वरचढ ठरतो.

कार्यकारिणीला मी आता दुसरे पत्र दिले आहे. त्यात नवीन यंत्रणेची मागणी नाही. मागच्या भिंतीला जाड पडदा, व्याख्यानाच्या दिवशी खुर्च्यांची अर्धवर्तुळाकार मांडणी, कॉलरऐवजी तोंडाजवळ धरायचा माइक आणि मिक्सरमधला तो विलंब, एवढेच मागितले आहे. पडद्याच्या खर्चासाठी पाचशे रुपये सोबत जोडले आहेत. पाडव्याला वर्गणीचे नूतनीकरण मी करणार आहे. नवीन सभासदांनी मात्र तोवर व्याख्यानाला पंधरा मिनिटे आधी येऊन पहिल्या तीन रांगांतच जागा धरावी.