दहा वर्षं ठेवलेली वाइन: आता उघडावी की अजून थांबावं?

कपाटात दहा-बारा वर्षं आडव्या पडलेल्या बाटल्यांनी छळलं की आपण आधी लेबलावरचं साल बघतो. त्यापेक्षा द्राक्ष बघावं. पांढरी बरगंडी, रिसलिंग, बोर्दो आणि बारोलो या चौघी एका वयाच्या असल्या, तरी सारख्या म्हाताऱ्या होत नाहीत.

सगळ्यात आधी हात घाला तो पांढऱ्या बरगंडीला. शार्डने द्राक्षाची ही फ्रेंच वाइन पूर्वी लोक बिनघोर पंधरा-वीस वर्षं ठेवत. पण १९९५ आणि १९९६ च्या बाटल्या काही वर्षांतच तपकिरी पडू लागल्या आणि तो भरवसा उडाला. कुणी बुचाला दोष दिला, कुणी वाइन टिकवायला घालतात ते गंधक कमी पडल्याला, कुणी द्राक्षं हळुवार दाबण्याच्या नव्या यंत्रांना. मी एकाच खोक्यातल्या दोन बाटल्या शेजारी शेजारी ओतल्या होत्या. एक फिकट सोनेरी, भाजलेल्या काजूसारख्या वासाची. दुसरी गडद पिवळी, तिला कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास. दोन्ही बुचं मात्र दिसायला धडधाकट होती. इथे थांबणं म्हणजे निव्वळ जुगार.

रिसलिंगचं उलट. जर्मनीतल्या मोझेल खोऱ्याची चांगली रिसलिंग दहाव्या वर्षी जेमतेम वयात येते. तिची धारदार आम्लता, आणि गोडसर प्रकारात उरलेली साखर, तिला टिकवून धरते. वयाबरोबर तिला रॉकेलचा वास येतो आणि नवखा माणूस बाटली खराब झाली म्हणून ओतून देतो. तो दोष नव्हे. द्राक्षातल्या कॅरोटिनॉइडांपासून हळूहळू तयार होणाऱ्या टीडीएन नावाच्या संयुगाचा तो वास. पेला थोडा हलवून ठेवला की त्याखालून मध आणि लिंबाची साल वर येते. ऑस्ट्रेलियातल्या क्लेअर व्हॅलीच्या बऱ्याच उत्पादकांनी २००० सालच्या रिसलिंगपासून फिरकीचं झाकण घेतलं. तशी बाटली असेल तर बुचाच्या लहरीचा प्रश्नही मिटला. ही खुशाल मागे सरकवा.

खरा घोळ लाल वाइनचा. टॅनिनचे, म्हणजे द्राक्षाच्या साली-बियांतून येणाऱ्या तुरट द्रव्याचे, रेणू एकमेकांना जोडले जात मोठे होतात आणि काही रंगासकट गाळ होऊन तळाशी बसतात. तोंड आवळणारा तुरटपणा त्यामुळे मऊ होतो. फ्रान्सच्या बोर्दोमध्ये, विशेषतः काबेर्ने द्राक्ष जास्त असेल तर, रंग बऱ्यापैकी खरं बोलतो. पेला पांढऱ्या कागदावर तिरका धरा. कडा जांभळट असेल तर घाई नको. विटकरी असेल तर ती तयार आहे, किंवा तयारीच्या पलीकडे.

इटलीच्या बारोलोवर हीच परीक्षा लावाल तर फसाल. तिच्या नेबिओलो द्राक्षाचा रंग मुळातच फिका, कडेला नारिंगी छटा लवकर येते, आणि टॅनिन मात्र दातांवर करकरतं. नियमानेच तिला बाजारात यायच्या आधी ३८ महिने मुरवावं लागतं, त्यातले १८ लाकडात. तरी दहाव्या वर्षी ती हट्टी असू शकते. डोळ्यांवर जाऊ नका, जिभेवर जा.

एकाच वाइनच्या तीन-चार बाटल्या असतील तर एक बळी द्यावीच. आदल्या दिवशी उभी करून ठेवा, म्हणजे गाळ बसेल. मानेखाली टॉर्च धरून सावकाश ओता आणि गाळाचा काळा धागा मानेशी आला की थांबा. अर्धी प्या, उरलेली बूच लावून फ्रीजमध्ये ठेवा. दुसऱ्या दिवशी ती अधिक खुललेली लागली तर बाकीच्यांना वेळ द्या; सपक, शिळी लागली तर त्या लवकर संपवा. पहिल्या घोटाला वास-चव काहीच न देणारी वाइन मेलेलीच असते असं नाही. बोर्दो मधली काही वर्षं मुकी होते. अशी निघाली तर डिकँटरमध्ये, म्हणजे वाइनला हवा लागावी म्हणून ओतायच्या रुंद भांड्यात, दोन तास ठेवून मग निकाल लावा.

वाइनची पातळी मानेतून खांद्याखाली उतरलेली, बूच ओलसर, किंवा बाटलीने १२-१३ अंशांऐवजी उन्हाळे काढलेले असतील, तर द्राक्ष कुठलंही असो, थांबू नका. आणि बाटली एकुलती एक असेल तर? बुचातून सुई घालून पेलाभर काढणारी, आत आर्गॉन सोडणारी उपकरणं मिळतात, पण जुनं बूच सुईच्या भोकाभोवती पुन्हा आवळेलच असं नाही. मी एकट्या बाटल्या थोड्या लवकरच उघडतो. जरा कोवळी निघाली तर डिकँटर आहेच.