टेस्टोस्टेरॉनवर काम करायचंय: टीएम३, एमए-१० की ताज्या पेशी?

पीएचडीचा विषय ‘अमुक रसायनाचा टेस्टोस्टेरॉनवर परिणाम’ असा ठरला की लगेच प्रश्न येतो तो पेशींचा. वृषणात टेस्टोस्टेरॉन बनवतात त्या लेडिग पेशी. त्यांच्यासाठी आपल्याकडच्या लॅबमध्ये बहुतेक वेळा तीनच पर्यायांची चर्चा होते.

टीएम३ ही सेल लाइन (लॅबमध्ये पिढ्यान्‌पिढ्या वाढवत ठेवता येणाऱ्या पेशी) सांभाळायला सगळ्यांत सोपी. १९८० मध्ये जेनी मॅथर यांनी ११ ते १३ दिवसांच्या बाल्ब/सी माउसच्या वृषणातून ती मिळवली. ट्यूमरमधून आलेली नाही, ही तिची जमेची बाजू. एमटीटी (पेशी किती जिवंत आहेत ते पाहणारी चाचणी), ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस, पेशीमृत्यू असली कामं तिच्यावर छान होतात. स्टेरॉइड (टेस्टोस्टेरॉन ज्या गटातलं ती हार्मोन्स) मात्र ती फारच थोडं बनवते. रसायन न दिलेल्या कंट्रोलचाच आकडा हार्मोन मोजणाऱ्या एलायझा किटच्या मोजमापाच्या तळाशी लागत असेल, तर रसायनामुळे टेस्टोस्टेरॉन ‘घटलं’ असं कशाच्या जोरावर म्हणणार?

एमए-१० ची गोष्ट वेगळी. मारिओ आस्कोली यांनी १९८१ मध्ये माउसच्या लेडिग ट्यूमरपासून ती तयार केली. लेडिग पेशींना चालना देणाऱ्या एलएच हार्मोनचे रिसेप्टर शाबूत आहेत. एचसीजी (एलएचसारखंच काम करणारं हार्मोन) किंवा डायब्युटिरिल सायक्लिक एएमपी (पेशीच्या आत तोच संदेश देणारं रसायन) दिलं की काही तासांत माध्यमात स्टेरॉइड मोजता येतं. कोलेस्टेरॉलला मायटोकॉन्ड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत पोचवणारं स्टार प्रथिन १९९४ मध्ये याच पेशींतून हाती लागलं. पण मेख अशी की या पेशींत प्रोजेस्टेरॉनला टेस्टोस्टेरॉनच्या वाटेवर पुढे नेणारं सीवायपी१७ए१ हे एन्झाइम नावापुरतंच आहे. त्यामुळे गाडी मुख्यतः प्रोजेस्टेरॉनपाशीच थांबते. म्हणजे मोजायचं ते प्रोजेस्टेरॉन. तरीही टेस्टोस्टेरॉनचं किट मागवणारे भेटतात! एवढ्या प्रोजेस्टेरॉनमध्ये किटच्या अँटिबॉडीची जराशी जरी क्रॉस-रिअ‍ॅक्शन झाली तरी आकडा येतो, आलेखही देखणा दिसतो, फक्त तो टेस्टोस्टेरॉनचा नसतो. शिवाय तिचे लाडही बरेच: वेमथ माध्यम, १५ टक्के हॉर्स सिरम, जिलेटिनचा थर दिलेले फ्लास्क.

ताज्या पेशी म्हणजे प्रौढ रॅटचं वृषण कोलॅजिनेजने सुटं करायचं आणि पेशी परकॉल या द्रवाच्या कमी-जास्त घनतेच्या थरांतून वेगळ्या काढायच्या. शुद्धता पाहण्यासाठी ३-बीटा-एचएसडी या स्टेरॉइड बनवणाऱ्या एन्झाइमचं रंजन करतात: लेडिग पेशी गडद निळ्या होतात, बाकीच्या तशाच राहतात. निळ्या किती, हे मोजल्याशिवाय पुढे जाऊ नये. खरं टेस्टोस्टेरॉन इथेच मिळतं. पण या पेशी काही दिवसांतच आपला गुण हरवतात, प्रत्येक प्रयोगाला नवे प्राणी लागतात, आणि त्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिक समितीची मंजुरी. तो अर्ज पहिल्याच महिन्यात टाकून ठेवावा.

माझं मत विचाराल तर एमए-१० वर यंत्रणा शोधा आणि शेवटचा दावा ताज्या पेशींवर तपासा. टीएम३ फक्त विषारीपणा पाहण्यापुरती ठेवा. फेलोशिपचे पैसे एकाच पर्यायाला पुरणार असतील तर एमए-१० घ्या, पण शीर्षकातून ‘टेस्टोस्टेरॉन’ काढून ‘स्टेरॉइडनिर्मिती’ लिहा. परीक्षक नंतर काढायला लावतीलच.

सेल लाइन आणण्याआधी पुण्याच्या एनसीसीएस (नॅशनल सेंटर फॉर सेल सायन्स) या संस्थेच्या पेशी-भांडाराची यादी पाहून घ्या. शेजारच्या लॅबमधून उसनी व्हायल आणलीत तर पॅसेज क्रमांक (पेशी आजवर किती वेळा नव्या फ्लास्कमध्ये वाढवल्या तो) विचारा आणि मायकोप्लाझ्मा या जिवाणूची चाचणी झाल्याशिवाय ती मुख्य इन्क्युबेटरमध्ये ठेवू नका.

वृषणात शुक्रजंतूंना पोसणाऱ्या सर्टोली पेशींसाठीची टीएम४ ही टीएम३ चीच बहीण. त्या पेशींना चालना देणाऱ्या एफएसएच हार्मोनच्या प्रतिसादासाठी तिच्यावर विसंबू नये.

आणि शुक्रजंतू कसे बनतात हाच विषय असेल तर? जीसी-२ ही सेल लाइन १९९४ मध्ये आली तेव्हा ती मायोसिस (गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन) पूर्ण करते असा दावा होता. पुढे इतरांना त्यात हॅप्लॉइड (निम्म्या गुणसूत्रांच्या) पेशी सापडल्या नाहीत. शोधनिबंधांत मात्र ती आजही ‘स्पर्मॅटोसाइट’ (शुक्रजंतू बनण्याच्या वाटेवरची पेशी) म्हणून बिनधास्त वावरते. २०११ मध्ये योकोहामात ताकेहिको ओगावा यांच्या गटाने शरीराबाहेर माउसचे शुक्रजंतू तयार केले आणि त्यांच्यापासून पिल्लंही झाली. पण त्यासाठी त्यांनी सेल लाइन नव्हे, नवजात माउसच्या वृषणाचे तुकडे अगारोजच्या जेलवर वाढवले होते.