चित्रांच्या प्रती घरच्या घरी: पिगमेंट प्रिंटर काही महिने वापरल्यावर

"घेऊ का?" असं कुणी चित्रकार मैत्रीण विचारते तेव्हा मी आधी उलट विचारते, "महिन्याला किती प्रती खपतात तुझ्या?" मशीन उत्तम आहे, त्याबद्दल वाद नाही. पण हे यंत्र स्वस्थ बसलं की कुरकुरायला लागतं. दर आठवड्याला काहीतरी छापणाऱ्यानेच त्याच्या वाटेला जावं.

माझा प्रिंटर १७ इंची आहे, म्हणजे ए-टू कागद सहज जातो. दहा कार्ट्रिज, सगळी पिगमेंट शाईची. पिगमेंटवर अडून बसले त्याला कारण आहे. १९९०च्या दशकात आयरिस नावाच्या इंकजेट प्रिंटरवर कलाप्रती निघू लागल्या तेव्हा शाई डायची, म्हणजे विरघळलेल्या रंगाची असायची. प्रती दिसायच्या देखण्या, पण त्यातल्या अनेक काही वर्षांतच फिक्या पडल्या. पिगमेंटमध्ये रंगाचे घन कण असतात, ते उजेडात कितीतरी जास्त तग धरतात. मात्र खोक्यावर छापलेली 'इतकी वर्षं टिकेल' ही हमी जरा जपून वाचावी. तो आकडा प्रयोगशाळेतल्या प्रखर उजेडात झटपट घेतलेल्या चाचणीवरून काढलेला अंदाज असतो आणि बऱ्याचदा तो काचेमागे फ्रेम केलेल्या प्रतीचा असतो. उन्हाच्या खिडकीसमोर उघड्या टांगलेल्या चित्राला तो लागू नाही.

आता मुख्य गोष्ट. प्रत चांगली येणार की नाही हे प्रिंटरच्या बरंच आधी, चित्राचा फोटो काढतानाच ठरतं. मी जलरंग आणि गॉशमध्ये (अपारदर्शक जलरंगात) काम करते. छोट्या चित्रांना स्कॅनर चालतो, पण तो सीसीडी सेन्सरचा (जरा जाडजूड, आत भिंग असलेला) हवा. सीआयएस जातीच्या पातळ स्कॅनरला कागदाचे उंचवटे झेपत नाहीत, काचेपासून जरा वर उचललेला भाग लगेच धूसर येतो. मोठ्या चित्रांसाठी कॅमेरा. दोन बाजूंनी ४५ अंशांत सारखे दिवे, बाकी खोलीत अंधार आणि पहिल्या फोटोत चित्राशेजारी नंतर रंग जुळवायला २४ चौकोनांचं रंगपत्रक. तैलरंगाची चमक मारायची असेल तर दिव्यांवर आणि लेन्सवर पोलरायझर (चमक अडवणारे फिल्टर) एकमेकांना आडवे-उभे लावावे लागतात. २४ मेगापिक्सेलचा कॅमेरा ए-थ्रीला ३००हून जास्त पीपीआय (दर इंचाला पिक्सेल) देतो, ए-टूला २४०च्या आसपास. हातभर अंतरावरून पाहताना तेवढं पुरतं. त्यामुळे केवळ प्रतींसाठी महागडा कॅमेरा घ्यायची घाई नको.

कोबाल्ट ब्लू हा माझा या सगळ्यातला खास शत्रू. कागदावर स्वच्छ निळा, फोटोत मात्र जांभळट. हे रंगद्रव्य डोळ्याला जेमतेम दिसणारा गडद लाल प्रकाशही परावर्तित करतं आणि कॅमेऱ्याचा सेन्सर तो डोळ्यापेक्षा जास्त टिपतो. रंगपत्रकावरून प्रोफाइल (कॅमेऱ्याचे रंग दुरुस्त करणारी फाइल) बनवलं तरी हा निळा पुरता सुधारत नाही. शेवटी तो भाग वेगळा निवडून हाताने फिरवावा लागतो, मूळ चित्र शेजारी ठेवून. ओपेरा पिंक या झगझगीत गुलाबीचं तर काहीच करता येत नाही. त्यातला फ्लुओरेसंट भाग प्रकाश शोषून स्वतःच उजळतो, दहा काय वीस शाया असल्या तरी ती झळाळी छापता येणार नाही. सोनेरी रंगाचंही तेच, प्रतीत तो मातकट पिवळा होतो. प्रती विकायच्याच आहेत हे ठाऊक असेल तर हे दोन रंग मी आता पॅलेटवर घेतच नाही.

कागदावर मात्र खर्च करावा, कंजुषी करू नये. १०० टक्के कॉटनचा, ३०० ग्रॅमच्या आसपासचा मॅट कागद जलरंगाला शोभतो, हाताला मूळ कागदासारखाच लागतो. त्यावर काळा रंग बराइटा या चमकदार फोटो कागदाएवढा खोल उतरत नाही, हे आधीच मान्य करून टाकायचं. बराइटावर सावल्या गच्च येतात, पण त्याची चमक जलरंगाला परकी वाटते. शाईरेखाटनं मी त्यावर छापते, रंगीत काम नाही. कागद फार पांढराशुभ्र दिसला तर त्यात ऑप्टिकल ब्राइटनर (पांढरेपणा वाढवणारं रसायन) आहे का ते पाहावं. ब्राइटनरचा परिणाम काळाबरोबर ओसरतो आणि कागद पिवळट दिसू लागतो.

कॉटन कागदाची एक खोड कुणी आधी सांगत नाही. त्याच्या पृष्ठभागावर सुटे तंतू असतात. छापताना शाई त्या तंतूवर बसते, नंतर तंतू गळतो आणि गडद वॉशच्या (सपाट पसरलेल्या रंगाच्या) मधोमध मोहरीएवढा पांढरा ठिपका उरतो. म्हणून छापण्याआधी कागद उभा धरून मऊ रुंद ब्रशने झटकायचा. ए-टूची अख्खी गडद निळी रात्र एका ठिपक्यापायी बाद होते तेव्हा होणारी चिडचिड वेगळीच.

'प्रिंट काळपट येते' ही तक्रार सगळीकडे ऐकू येते. बहुतेक वेळा दोष मॉनिटरच्या जास्तीच्या उजेडाचा असतो. कॅलिब्रेट करून तो १०० कँडेलाच्या (पडद्याची उजळता मोजायचं एकक) आसपास आणला की निम्मी भांडणं मिटतात. बाकीची सॉफ्ट प्रूफमध्ये, म्हणजे प्रत कशी दिसेल ते पडद्यावरच पाहून मिटतात, अर्थात त्या कागदाचं आयसीसी प्रोफाइल (त्यावर रंग कसे उतरतात ते सांगणारी फाइल) हाताशी हवं. त्यानंतरही मी आधी हातभर लांब पट्टी छापते, ती रात्रभर वाळू देते आणि सकाळी खिडकीपाशी नेऊन पाहते. ताज्या प्रतीवरून रंग ठरवू नये.

देखभाल कंटाळवाणी आहे. हवा फार कोरडी झाली की नोझल (शाई फवारणारी बारीक छिद्रं) बुजतात आणि हेड साफ करताना शाई भराभर संपते, तीही छपाई न होता. ती सांडशाई साठवणारा डबाही अधूनमधून बदलावा लागतो. फक्त शाईचा हिशेब मांडून 'प्रत स्वस्तात पडते' म्हणणाऱ्यांनी साफसफाई, बाद कागद आणि आपला वेळ धरलेला नसतो. माझ्या हिशेबात बाहेरच्यापेक्षा प्रत थोडीशीच स्वस्त पडते. फायदा आहे तो वेगळा: ५०ची आवृत्ती जाहीर केली तरी ५० प्रती एकदम छापून ठेवाव्या लागत नाहीत. मागणी येईल तशी एकेक काढायची, पेन्सिलीने क्रमांक टाकून सही करायची. फक्त फाइल, कागद आणि सेटिंग वहीत लिहून ठेवायचं, म्हणजे सतरावी प्रत पहिलीसारखीच येते.

ए-टूपेक्षा मोठं काम आणि कॅनव्हास अजूनही बाहेर देते. एका ठिकाणी माझी अॅडोबी आरजीबी (जास्त रंग सामावणारी) फाइल न विचारता कमी रंगांची एसआरजीबी करून वर शार्पन केली, म्हणजे कडा धारदार केल्या होत्या. हिरवे मेले आणि ब्रशच्या कडांना पांढरी किनार आली. तेव्हापासून फाइलसोबत घरी छापलेलं छोटं प्रूफ (नमुना प्रत) पाठवते आणि त्यावर लिहिते: यासारखं हवं, याहून चकचकीत नको.