पानशेतचा पूर, शाडूची माती आणि कंबोडिया: सहा शनिवारांच्या एका चित्रपटवर्गाविषयी

युद्धातून सावरणाऱ्या देशातील तरुणांना चित्रपट करायला कसे शिकवावे, या विषयावरचा वर्ग पुण्यात भरेल आणि त्यासाठी वीस माणसे सहा शनिवार राखून ठेवतील, असे मला वाटले नव्हते. लॉ कॉलेज रस्त्याच्या परिसरातील एका लहान संस्थेने तो घेतला. शुल्क साडेतीन हजार रुपये होते. मी रात्रशाळेत शिकवतो आणि तेथील मुलांबरोबर मोबाईलवर छोटे माहितीपट करतो, म्हणून नाव नोंदवले. शिकवणाऱ्या बाईंनी काही वर्षे कंबोडियातील तरुणांबरोबर काम केलेले असल्यामुळे सगळा अभ्यासक्रम त्या एकाच देशाच्या अनुभवावर उभा होता, आणि माझ्या मते तीच या वर्गाची सर्वांत मोठी जमेची बाजू आहे.

एप्रिल 1975 ते जानेवारी 1979 या काळात ख्मेर रूज या कट्टर कम्युनिस्ट गटाच्या राजवटीत तेथे सुमारे 17 लाख माणसे मेली आणि नोम पेन्ह हे राजधानीचे शहर जवळजवळ पूर्ण रिकामे करण्यात आले. त्याआधीच्या पंधरा वर्षांत तेथे काही शे चित्रपट तयार झाले होते. त्यांतले थोडेच आज शिल्लक आहेत, आणि ते करणाऱ्यांपैकी अनेक जण जिवंत राहिले नाहीत. म्हणजे शिकवायला जुने जाणते नाहीत, दाखवायला जुने चित्रपट नाहीत, आणि समोर बसलेली मुले युद्धानंतर जन्मलेली, ज्यांच्यापैकी अनेकांच्या घरी त्या काळाचा विषयच निघत नाही. अशा ठिकाणी सुरुवात कोठून करायची, हा प्रश्न बाईंनी पहिल्याच शनिवारी आमच्यापुढे ठेवला.

त्याचे एक उत्तर दिग्दर्शक रिती पान्ह यांच्या कामात सापडते. लहानपणी त्या राजवटीत आईवडील गमावलेला हा मुलगा थायलंडमार्गे फ्रान्सला पोहोचला, पॅरिसमध्ये चित्रपटाचे शिक्षण घेऊन पुढे मायदेशात काम करू लागला आणि 2006 साली नोम पेन्हमध्ये बोफाना केंद्र उभे राहण्यात त्याचा पुढाकार होता. शाळेच्या इमारतीत थाटलेल्या तूल स्लेंग तुरुंगात छळ होऊन मारल्या गेलेल्या एका तरुणीचे नाव त्या केंद्राला दिले आहे. देशाविषयीच्या चित्रफिती, ध्वनिफिती आणि छायाचित्रे ठिकठिकाणांहून गोळा करून ती कोणालाही विनामूल्य पाहता येतील अशी सोय तेथे आहे, आणि त्याच छताखाली तरुण मुले चित्रपट करायला शिकतात. संग्रह आणि शाळा एकत्र असण्याचे महत्त्व आम्हा पुणेकरांना लवकर कळायला हवे होते. 1964 पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आपल्याच शहरात आहे, परंतु माझ्या रात्रशाळेच्या मुलांना मी आजवर एकदाही तेथे नेलेले नाही, याची मला त्या दिवशी मनापासून खंत वाटली.

तिसरा शनिवार सर्वांत चांगला झाला. ज्या प्रसंगांची चित्रेच उरली नाहीत ते दाखवण्यासाठी पान्ह यांनी 2013 सालच्या आपल्या माहितीपटात मातीच्या बाहुल्या वापरल्या. बाईंनी आमच्या हाती शाडूची माती दिली आणि घरातील एखादी अशी आठवण घडवायला सांगितली, जिचे एकही छायाचित्र नाही. मी 12 जुलै 1961 चा पानशेतचा पूर निवडला. पुराची तुलना नरसंहाराशी होऊ शकत नाही, हे बाईंनी स्पष्टपणे सांगितले. सराव फक्त विचारण्याचा आणि ऐकण्याचा होता. ‘तुम्हाला तेव्हा काय वाटले?’ असे कोणाला विचारायचे नाही, तर त्या दिवशी घरात काय शिजले होते, दाराला कडी होती का, हे विचारायचे, ही त्यांची सूचना मी आयुष्यभर पाळीन. नारायण पेठेतील शेजारच्या आजींना मी तसे विचारले आणि त्या चाळीस मिनिटे बोलल्या, बहुतेक वेळ चिखलात रुतून बसलेल्या तांब्याच्या बंबाविषयी. सहा मिनिटांचे संकलन तयार झाल्यावर ते सर्वांत आधी त्यांनाच दाखवायचे, असा वर्गाचा नियम होता. त्यांनी एक वाक्य काढून टाकायला सांगितले. माझ्या दृष्टीने ते चित्रपटातले सर्वांत चांगले वाक्य होते, तरीही मी ते काढले.

कॅमेऱ्याचे तंत्र जेमतेम पुरेसे शिकवले गेले. ध्वनिमुद्रणाचा धडा मात्र फसला, कारण सभागृहातील पंख्यांची घरघर आणि बाहेरची रहदारी प्रत्येक फितीत उतरली. संकलनाला दोन शनिवार देण्याचे आश्वासन होते. प्रत्यक्षात एकच मिळाला.

या उणिवांहून गंभीर तक्रार वेगळी आहे. चौथ्या शनिवारी तुरुंगातून वाचलेल्यांच्या साक्षी पाहताना एक तरुण मुलगी रडत बाहेर निघून गेली आणि आयोजकांपैकी कोणीही तिच्यामागे गेले नाही. बाई शिकवत होत्या, त्यांना जागचे हलता आले नाही. शेवटी वर्गातील दोघी जणी उठून तिच्याजवळ बसल्या. दुखावलेल्या माणसांबरोबर काम कसे करावे हे शिकवणाऱ्या वर्गात एक समुपदेशक हजर असलाच पाहिजे, आणि साडेतीन हजारांत ते बसत नसेल तर शुल्क वाढवावे, असे मी आयोजकांना लेखी कळवले आहे.

शिक्षकांनी, वस्त्यांमध्ये मुलांबरोबर काम करणाऱ्यांनी आणि माहितीपट करू पाहणाऱ्या तरुणांनी हा वर्ग जरूर करावा. केवळ कॅमेरा चालवायला शिकायचे असेल, तर याहून स्वस्त आणि नेटके वर्ग पुण्यात मिळतील. मुलाखत देणाऱ्याने सही करायचे संमतीपत्र मात्र फक्त इंग्रजीत होते आणि आजींना ते मला ओळ न् ओळ समजावून सांगावे लागले, म्हणून त्याचा मराठी मसुदा मोठ्या अक्षरांत तयार करून मी आयोजकांकडे दिला आहे. पुढची तुकडी सुरू होण्याआधी तो छापून घ्यावा, अशी माझी त्यांना विनंती आहे.