वाटायला काय भाजावं: लादी पाव, नानकटाई की मावा केक?

ओटीजी (घरगुती विजेचा ओव्हन) घरात आहे, रविवार मोकळा आहे आणि मजल्यावरच्या चार घरांत आपल्या हातचं काहीतरी द्यायचं मनात आहे. चवीवर निवड करायला गेलात तर तिन्ही पदार्थ हवेसे वाटतील. त्यापेक्षा ओव्हनमधून काढल्यावर काय किती टिकतं ते बघा. लादी पाव सकाळचा असेल तर संध्याकाळपर्यंत चांगला, मावा केक फार तर दोन दिवस, आणि नानकटाई घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस आरामात.

पैसे वाचवायला पाव करू नका. कोपऱ्यावरच्या बेकरीची लादी स्वस्तच पडते, आणि भट्टीची ती खरपूस कड ओटीजीत येत नाही. घरच्या पावाचं सुख वेगळं: पांढरा, रेषारेषांनी सुटणारा पाव हाताने तोडला की वाफ येते, आणि शेजारी ती वाफ असतानाच बटर लावून खातात. म्हणजे पाव द्यायचा तो स्वतःच्या मजल्यावर. विरार-ठाण्याच्या पाहुण्यांसाठी तो नव्हे.

आठ इंची चौकोनी टिनमध्ये नऊ पाव बसतात. मैदा 300 ग्रॅम, कोमट दूध-पाणी मिळून 185 मिली, साखर 20, बटर 20, मीठ 5 आणि इन्स्टंट यीस्ट 4 ग्रॅम. पावसाळ्यात मैदा हवेतला ओलावा धरतो, म्हणून 20 मिली हातचं राखून लागेल तसं घाला. पीठ सुरुवातीला हाताला चिकटणारच. तेव्हा घाबरून सुका मैदा टाकत राहिलात तर पाव घट्ट होणार. दहा-बारा मिनिटं ओट्यावर ताणून मळा. छोटा गोळा बोटांनी पसरला आणि न फाटता पातळ पडदा झाला की मळणं पुरे. कमी मळलेला पाव तोडताना भुगा होतो.

मुंबईत पाव बिघडतो तो मुख्यतः फुगण्याच्या वेळेत. जानेवारीत सव्वा-दीड तास घेणारं पीठ मे महिन्यात 40 मिनिटांत दुप्पट होतं. घड्याळ बघत बसलात तर आंबूस, दारूसारखा वास येतो आणि पाव ओव्हनबाहेर काढताच सुरकुततो. उन्हाळ्यात फ्रिजमधलंच गार दूध घ्या. साधारण 58-59 ग्रॅमचे नऊ गोळे करून टिनमध्ये मांडले की ते पुन्हा फुगू द्या; ओल्या बोटाने दाबल्यावर खळगा सावकाश आणि अर्धवटच भरून आला, की 200 अंशांवर 18 ते 20 मिनिटं. बाहेर काढताच वरून बटर फिरवा आणि पंचा झाका, म्हणजे वरची साल मऊ राहते. गरम पाव प्लॅस्टिकच्या पिशवीत भरला की तळाला पाणी सुटतं, आणि फ्रिजमध्ये तो उलट लवकर शिळा होतो. उरलेच तर फ्रीझरमध्ये टाका.

पहिल्यांदाच भाजणाऱ्याने मात्र नानकटाईच करावी. तूप-साखर-मैद्याचा डबा बेकरीत नेऊन नानकटाई भाजून आणायची पद्धत आपल्याकडे होतीच. अंडं नाही, यीस्ट नाही, त्यामुळे कुणाच्या घरी काय चालतं याची चौकशी बरीच कमी होते. मैदा 150 ग्रॅम, बेसन 50, बारीक रवा 25, पिठीसाखर 110, तूप 125, पाव चमचा सोडा, वेलची. वीस-बावीस नग होतात.

यात सगळा खेळ तुपाचा. ते थिजलेलं, रवाळ हवं. मे महिन्यात बरणीतलं तूप तेलासारखं असतं. ते तसंच घातलं तर नानकटाई ट्रेभर पसरून एकमेकींना चिकटते. तूप आधी फ्रिजमध्ये घट्ट करा, साखरेबरोबर पांढरंफेक होईपर्यंत फेसा, वळलेले गोळेही दहा मिनिटं गार करा. 170 अंशांवर 15 ते 18 मिनिटं. बुडाला फिकट सोनेरी रंग आला की काढा. तेव्हा ती मऊच लागते, गार झाल्यावर खुसखुशीत होते. कच्ची समजून आणखी भाजली की करपट आणि टणक. पूर्ण गार होण्याआधी डब्यात भरली तर सादळते. सादळलीच तर 150 अंशांवर पाच मिनिटं.

मावा केकचं सांगायचं तर मुंबईत ग्रँट रोडच्या मेरवान या इराणी कॅफेचा केक खाऊन मोठे झालेले लोक घरच्या केकची तुलना त्याच्याशीच करणार, एवढी तयारी ठेवा. अंडी लागतात, म्हणून आधी विचारून घ्या. मावा त्याच दिवशीचा आणा, आंबूस वास असेल तर परत करा, आणि किसूनच घाला. नाहीतर गुठळ्या तळाला बसतात. पहिली 20 मिनिटं दार उघडलंत तर मध्ये खड्डा पडतो. उन्हाळ्यात दुसऱ्या दिवशी फ्रिजमध्येच ठेवा.

पाव आणि नानकटाई एकाच रविवारी जमतात. पावाचं पीठ आधी मळा, ते फुगेपर्यंत नानकटाईचे गोळे वळून गार करा. पाव टिनमध्ये दुसऱ्यांदा फुगत असताना 170 वर नानकटाई काढा, मग तापमान 200 करून टिन आत सरकवा. ओटीजी मात्र 16 अँपिअरच्या सॉकेटलाच लावा, मिक्सरच्या नाही.